रेडिएटर घरीच बदलताय? मग या चुका टाळा

गाडीचा रेडिएटर, म्हणजे इंजिनाचं पाणी थंड करणारी जाळी, बदलणं दिसायला सोपं काम आहे. दोन जाड होज पाईप, फॅनचा कनेक्टर, वरचे दोन-चार बोल्ट. जुना बाहेर, नवा आत. साध्या मॅन्युअल गियरच्या गाडीला हाताला सवय असलेला माणूस अर्ध्या दिवसात हे करतो. पाने फिरवताना फारसं काही बिघडत नाही. बिघडतं ते त्याआधी, गळती नेमकी कुठून आहे हे न बघता नवा रेडिएटर विकत आणताना. आणि त्यानंतर, पाणी भरताना. मराठवाड्यात ही दुसरी चूक जास्त नडते, कारण आपल्याकडे पाणी बोअरचं आणि मे महिन्यात परभणी-नांदेडकडे पारा ४२-४३ च्या वर.

गळतंय खरं, पण रेडिएटरच का?

गाडीखाली ओल दिसली की लोक थेट रेडिएटरचा भाव विचारायला निघतात. आधी त्या ओलीला बोट लावून बघा. स्वच्छ, बिनरंगी पाणी असेल, शेजारच्या सीटच्या पुढे पडत असेल आणि एसी लावल्यावरच पडत असेल, तर ते एसीचं पाणी आहे. त्याला काही करायचं नसतं. कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवायला रेडिएटरमध्ये भरलेलं द्रव, रंगीत असतं, बोटांना किंचित चिकट लागतं आणि त्याला गोडसर वास येतो. चव मात्र घेऊ नका, ते विष आहे.

कूलंटच असेल तरी ते कुठून येतंय हा प्रश्न उरतोच. रात्री गाडीखाली पुठ्ठा अंथरा आणि सकाळी डाग कुठे आहे ते बघा. रेडिएटरच्या जाळीवर, किंवा प्लास्टिकची टाकी आणि ॲल्युमिनियमची जाळी जिथे जोडलेली असते त्या शिवणीवर, वाळलेला पांढरा-हिरवा थर दिसला तर संशय बरोबर आहे. थर होजच्या तोंडाशी असेल तर निम्म्या वेळा नुसती क्लिप ढिली झालेली असते किंवा पाईप चिरलेला असतो. वॉटर बॉडीच्या, म्हणजे इंजिनात पाणी फिरवणाऱ्या पंपाच्या, खालच्या बारीक भोकातून थेंब येत असेल तर आतलं सील गेलंय. तिथे नवा रेडिएटर बसवून काहीच फरक पडणार नाही. पायाखालचं कार्पेट ओलं आणि काचेवर तेलकट धुकं येत असेल, तर डॅशबोर्डच्या आतला हीटरचा छोटा रेडिएटर गळतोय. ते काम घरचं नव्हे.

सगळ्यांत वाईट म्हणजे बाहेर कुठेच ओल नाही आणि पाणी तरी कमी होतं. इंजिन पूर्ण थंड असताना रेडिएटरचं झाकण काढून गाडी सुरू करा. तोंडातून सतत बुडबुडे येत राहिले, ऑईलच्या झाकणाला आतून ताकासारखा पांढरट थर दिसला, सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर येत राहिला, यातलं काहीही दिसलं तर हेड गॅस्केटचा (इंजिनाचा वरचा भाग म्हणजे हेड आणि खालचा ब्लॉक यांच्यामधल्या सीलचा) संशय धरा आणि गाडी फिटरकडे न्या. अशा इंजिनाला नवा रेडिएटर लावला तर तोही पाणी बाहेर फेकणार आणि पैसे दोनदा जाणार.

रेडिएटरचं झाकणही तपासा. ते किमतीला किरकोळ आहे, पण त्याचं रबर कडक झालं की आतला दाब टिकत नाही, पाणी शेजारच्या जादा पाण्याच्या बाटलीत जातं, तिथून बाहेर पडतं, आणि आपण रेडिएटरला शिव्या देतो.

हळद, अंडं, एम-सील

रस्त्यात अडकल्यावर रेडिएटरमध्ये हळद टाकणारे ड्रायव्हर अजून भेटतात. हळद फुगून बारीक छिद्रात बसते, गळती तात्पुरती थांबते, हे खरं आहे. पण तीच हळद जाळीच्या चपट्या नळ्यांत आणि हीटरच्या त्याहून बारीक नळ्यांतही बसते. वसमतच्या बाजारात हळदीला भाव आहे, तिला तिथेच जाऊ द्या. बाटलीतून मिळणारं गळती बंद करणारं औषधही गावापर्यंत पोहोचण्यापुरतंच धरा. प्लास्टिकच्या टाकीला एम-सील लावून महिने काढता येत नाहीत. इंजिन तापलं-निवलं की प्लास्टिक हलतं आणि लेप सुटतो.

जुन्या ट्रॅक्टरचे आणि जीपचे तांब्या-पितळेचे रेडिएटर मात्र वेगळे. त्यांना डाग (झाळ) मारून घेता येतो आणि चांगला कारागीर असेल तर तो वर्षानुवर्षं टिकतो. असा रेडिएटर भंगारात घालून नवा घेण्याची घाई करू नका. ट्रॅक्टर नुसता गरम होत असेल, गळत नसेल, तर आधी जाळीच्या पुढची बाजू बघा. मळणीच्या दिवसांत सोयाबीनचा भुसा आणि कापसाची रुई तिथे गच्च बसते. पाण्याने धुवा, पण इंजिनाकडून बाहेरच्या दिशेने आणि साध्या धारेने. सर्व्हिस सेंटरच्या प्रेशर गनने जाळीची पातळ पाती झोपतात आणि मग हवा जायला वाटच राहत नाही.

सुट्टा भाग आणताना

गाडीचं मॉडेल तेच असलं तरी पेट्रोल-डिझेलचा, एसी-बिनएसीचा, मॅन्युअल-ऑटोमॅटिकचा रेडिएटर वेगळा असू शकतो. दुकानदाराला आरसी बुकावरचं वर्ष आणि चासी नंबर सांगा. घरी आल्यावर जुना-नवा शेजारी ठेवून पाईपच्या तोंडांची जाडी, सेन्सरचं भोक, खालचे खुंट, जाळीची जाडी हे सगळं जुळवा. हे जुना काढल्यावर पण नवा बसवण्याआधी करायचं, कारण एकदा पाणी भरलेला भाग दुकानदार परत घेत नाही. होज, क्लिपा, झाकण आणि थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावर पाण्याला रेडिएटरची वाट उघडणारा व्हॉल्व्ह) त्याच वेळी बदलून टाका. गाडी उघडलेलीच आहे. आठ वर्षांचे पाईप नव्या रेडिएटरवर चढवण्यात कसली काटकसर?

गरम झाकण

याबद्दल जास्त सांगायला नको, तरी दर उन्हाळ्यात कुणी ना कुणी हात, तोंड भाजून घेतोच. तापलेल्या, बंद रेडिएटरमध्ये बाहेरच्या हवेपेक्षा साधारण एक बार जास्त दाब असतो, म्हणून आतलं पाणी १०० अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. झाकण उघडलं की दाब एकदम जातो आणि तेच पाणी क्षणात वाफ होऊन वर उसळतं. कुकरची वाफ जिरायच्या आत झाकण ओढण्यासारखंच आहे ते. वरचा होज हाताने दाबता येईल आणि चटका बसणार नाही इतकं इंजिन निवेपर्यंत थांबा. उन्हात उभ्या गाडीला दोन तासही लागतात. घाईने इंजिनावर किंवा रेडिएटरमध्ये गार पाणी ओतू नका, तापलेलं हेड तडकू शकतं.

बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून ठेवा. काही गाड्यांचा फॅन चावी काढल्यावरही आपोआप सुरू होतो आणि बोटं नेमकी तिथेच असतात. गाडी उचलायची तर जॅकवर विसंबून खाली शिरू नका, स्टँड लावा. विटांवर तर मुळीच नको.

काढताना-बसवताना

खाली मोठं घमेलं ठेवा. ड्रेनचा प्लास्टिकचा नळ हाताने फिरवा. पक्कड लावली की त्याचं डोकं तुटतं. चिकटलेला होज सरळ ओढायचा नाही, आधी गोल फिरवून सैल करायचा. तरी निघत नसेल तर होज कापा, पाईप नवा मिळतो. पण थर्मोस्टॅटच्या घराचं किंवा हीटरच्या नळीचं तोंड मोडलं तर काम एका दिवसावरून चार दिवसांवर जातं.

एसीचा कंडेन्सर, म्हणजे एसीची स्वतःची जाळी, रेडिएटरच्या अगदी पुढे असतो आणि कित्येकदा त्यालाच अडकवलेला असतो. त्याचे स्क्रू सोडा, सुतळीने वर बांधून ठेवा, पण त्याच्या नळ्यांना पाना लावू नका. त्यात दाबाखालचा गॅस असतो. ऑटोमॅटिक गाडीत बऱ्याचदा गियरचं तेलही रेडिएटरच्या टाकीतून थंड होऊन जातं. तसे दोन पातळ पाईप दिसले आणि तेल कोणतं, किती, कसं मोजायचं हे ठाऊक नसेल, तर तिथेच थांबा.

नवा रेडिएटर जाळीवर आडवा टाकू नका. जाळीसमोर पुठ्ठा धरून खाली सोडा. खालचे रबरी बुश जुन्या रेडिएटरला चिकटून भंगारात जातात, ते आठवणीने काढून घ्या. त्यांच्याविना रेडिएटर धातूवर बसतो आणि आपल्या रस्त्यांवर हादरे खाऊन खुंटाशी फुटतो. नव्या भागाच्या तोंडात धूळ जाऊ नये म्हणून प्लास्टिकची बुचं असतात, तीही काढायची. हसू नका, बुचासकट होज चढवलेल्या गाड्या गॅरेजला येतात. आणि फॅनभोवतीचं प्लास्टिकचं कवच ‘त्याने काय होतंय’ म्हणून बाजूला ठेवू नका. ते नसेल तर फॅन जाळीतून हवा ओढण्याऐवजी आजूबाजूची हवा घुसळत बसतो. महामार्गावर काही कळत नाही, पण गाडी लातूरच्या गंजगोलाईत गर्दीत उभी राहिली की तापमानाचा काटा चढतो.

पाणी कुठलं?

‘आपल्याकडे कुठं बर्फ पडतो, कूलंट कशाला?’ हे वाक्य ऐकलं नाही असा मराठवाड्यात गाडीवाला नसेल. कूलंट गोठण्यापासून वाचवतं, पण तेवढंच नाही. त्याने उकळण्याचा बिंदू वर जातो आणि त्यातली रसायनं ॲल्युमिनियम, लोखंड, सीलं यांना गंजापासून जपतात. वॉटर बॉडीच्या आयुष्याचा मोठा भाग त्यावर असतो.

बोअरच्या पाण्याचं काय होतं ते घरातल्या गिझरच्या कॉईलवर दिसतं. क्षार सगळ्यात गरम जागी बसतात, आणि इंजिनात सगळ्यात गरम जागा म्हणजे हेडच्या आतल्या वाटा. तिथे थर साचला की उष्णता बाहेर पडत नाही. डिस्टिल्ड वॉटर वापरा, ते बॅटरीच्या दुकानात मिळतं. फक्त मागताना ‘बॅटरीचं पाणी’ असं मोघम सांगू नका. काही दुकानांत त्या नावाने ॲसिडचा कॅन हातात पडतो. लेबल वाचून घ्या.

आता प्रमाण. बहुतेक गाड्यांना कूलंट आणि डिस्टिल्ड पाणी निम्मं-निम्मं लागतं, नक्की आकडा गाडीच्या पुस्तकात असतो. नुसतं दाट, पाणी न मिसळलेलं कूलंट भरणंही चूक आहे, कारण त्यातलं मुख्य द्रव्य, ग्लायकॉल, पाण्याइतकी उष्णता वाहून नेत नाही. इथे एक गोम आहे. जुनी घाण काढायला आपण इंजिन पाण्याने धुतो, आणि ड्रेन उघडल्यावर ते सगळं पाणी बाहेर येत नाही. बरंचसं ब्लॉकमध्ये राहतं. त्यावर तयार मिश्रणाचं कूलंट भरलं की एकूण मिश्रण पातळ होतं. म्हणून शेवटची धुलाई डिस्टिल्ड पाण्याने करा आणि दाट कूलंट आणा. समजा एकूण क्षमता ६ लिटर आहे, तर आधी ३ लिटर कूलंट ओता आणि उरलेली जागा डिस्टिल्ड पाण्याने भरा.

रंगावर जाऊ नका. हिरवं, गुलाबी, निळं हे कंपनीगणिक बदलतं. वेगळ्या प्रकारची रसायनं एकत्र आली तर गंजरोधक निकामी होतात, कधी चिकट गाळही धरतो. डबीवरचा प्रकार पुस्तकाशी जुळवा.

हवा अडकली की सगळं मुसळ केरात

रेडिएटर काठोकाठ भरला, झाकण लावलं, गाडी बाहेर काढली आणि चार किलोमीटरवर काटा वर! नव्या रेडिएटरचा दोष नाही, आत हवा अडकली आहे.

गाडीचं तोंड चढाकडे करून उभी करा. झाकण उघडं असताना, इंजिन थंड असतानाच सुरू करा. हीटर पूर्ण गरमवर, पंखा हळू. हवा काढायचा स्क्रू असेल तर त्यातून बुडबुड्यांशिवाय सलग धार येईपर्यंत तो सैल ठेवा. थर्मोस्टॅट साधारण ८०-९० अंशांच्या दरम्यान उघडतो. तेव्हा पातळी एकदम खाली जाते, तिथे भर घाला. फॅन दोनदा लागून बंद होऊ द्या, पण पाणी उसळू लागलं तर इंजिन बंद करून निवू द्या. झाकण लावा, बाटलीत खुणेपर्यंत भरा आणि रात्रभर थंड होऊ द्या. दुसऱ्या दिवशी पातळी थोडी उतरलेली असणारच. ज्या गाड्यांना रेडिएटरवर झाकणच नसतं, त्यांत हे सगळं दाबाच्या बाटलीतून करायचं.

तरी गरम होत असेल तर लक्षण बघा. काटा वर पण हीटरची हवा गार, म्हणजे हवा अजून आत आहे किंवा पाणी कमी आहे. वरचा होज तापलेला आणि खालचा बराच वेळ थंड, तर थर्मोस्टॅट उघडत नाही किंवा वाट बंद आहे. फक्त उभ्या गाडीत तापते, तर फॅन बघा. निम्म्या वेळा कनेक्टर लावायचाच राहिलेला असतो. फक्त वेगात आणि चढावर तापते, तर हवेची वाट, वॉटर बॉडी किंवा परत हेड गॅस्केट. पहिल्याच दिवशी माणसं भरून मांजरसुंब्याचा घाट चढायला निघू नका. गावातल्या गावात फिरवा, थंड करून क्लिपा पुन्हा आवळा. नवं रबर तापून-निवून बसलं की त्या थोड्या सैल होतात.

घमेल्यातलं जुनं कूलंट अंगणात तसंच ठेवू नका. गोडसर असल्याने कुत्री ते चाटतात, वासरंही तोंड घालतात, आणि थोड्याशा प्रमाणातही त्यांची मूत्रपिंडं निकामी होतात. जनावराने चाटल्याचा संशय आला तरी लक्षणांची वाट न बघता पशुवैद्याकडे न्या. उरलेलं नालीत किंवा विहिरीजवळ ओतू नका. झाकणाच्या कॅनमध्ये भरा, वर ठळक ‘विष’ लिहा, आणि वापरलेलं ऑईल गोळा करणाऱ्या मोठ्या गॅरेजला ते घेतील का विचारा.