मे महिन्यात नागपुरात रोल धुताना

कॅमेऱ्याच्या फिल्मच्या खोक्यात बघा, डेव्हलपरच्या, म्हणजे फिल्मवर चित्र उमटवणाऱ्या रसायनाच्या, पाकिटावर बघा, रोल धुण्याचं तापमान सगळीकडे २० अंश सेल्सिअस. आमच्या धरमपेठेत मे महिन्यात दुपारी नळ सोडला की हात मागे घ्यावा लागतो. म्हणून मी उन्हाळ्यात रोल रात्रीच धुते. बाथरूमच्या दाराखालून उजेडही येत नाही.

पहिलं म्हणजे कूलर बंद. गरम होतं, मान्य आहे, पण अंधारात ज्यावर फिल्म चढवायची ते प्लॅस्टिकचं रीळ कूलरच्या दमट हवेत चिकट होतं आणि फिल्म अर्ध्यात अडकते. रिळाच्या तोंडाशी दोन बारीक छर्रे असतात, फिल्म पुढे सरकते ती त्यांच्या जोरावर. तिथे पाण्याचा एक थेंब राहिला तरी काम अडलं. घामेजले हात पुसा, फिल्मचं टोक सरळ कापून कोपरे किंचित गोल करा. अडकलीच तर ओढाताण नको बाप्पा. फिल्म, रीळ, रीळ ज्यावर बसतं ती मधली नळी, सगळं टँकमध्ये, म्हणजे रोल धुण्याच्या उजेडबंद डब्यात, टाकून झाकण लावा, मग दिवा लावून निवांत हात कोरडे करा.

ती मधली काळी नळी विसरली, तर झाकण घट्ट असूनही द्रावण ओतायच्या फनेलमधून उजेड आत जातो आणि रोल गेलाच समजा. दोन रिळांच्या टँकमध्ये एकच रोल धुवायचा असेल तर वर रिकामं रीळ बसवा, म्हणजे खालचं वर सरकत नाही.

पॅटर्सन कंपनीच्या टँकला ३५ मिमीच्या एका रोलला २९० मिली द्रावण लागतं, १२० या रुंद फिल्मच्या रोलला ५०० मिली. मी थोडं जास्तच घालते. डेव्हलपर, फिक्सर (उमटलेलं चित्र पक्कं करणारं रसायन) आणि धुण्याचं पाणी, तिन्हींच्या बाटल्या घमेल्यात बर्फाच्या पाण्यात उभ्या करते. बर्फ बाटलीत टाकू नका, द्रावण पातळ होतं. २० अंशांचा हट्ट मी मे महिन्यात धरत नाही, २४ वर थांबते. एचपी५ या कृष्णधवल फिल्मला डी-७६ हा डेव्हलपर पाण्यात एकास एक प्रमाणात घेतला तर २० अंशांवर ११ मिनिटं लागतात, २४ वर साधारण पावणेआठ. वेळ पाच मिनिटांच्या खाली गेली तर फोटोतल्या आकाशात पट्टे दिसू लागतात, म्हणून त्याहून गरम नको. आणि शेवटचं धुणं थेट नळाखाली तर नकोच. थंड द्रावणातून निघालेल्या फिल्मवर एकदम गरम पाणी पडलं की इमल्शनला, म्हणजे फिल्मवरच्या चित्राच्या थराला, सुरकुत्या पडू शकतात.

डेव्हलपर आत असताना दर मिनिटाला पहिले दहा सेकंद टँक चारदा उलटसुलट करा, मग ओट्यावर हलकेच आपटा, बुडबुडे सुटतात. झाकण बसवताना मधोमध दाबून हवा काढली तर गळत नाही.

वेटिंग एजंट, म्हणजे सुकताना फिल्मवर पाण्याचे डाग पडू नयेत म्हणून शेवटी वापरायचं रसायन, मात्र टँकमध्ये ओतू नका. फिल्म रिळातून काढून वेगळ्या भांड्यात बुडवा, पाणी बॅटरीवाल्याकडचं डिस्टिल्ड. हे रसायन रिळाच्या खाचांत सुकून बसतं, आणि मग रीळ कोरडं असूनही फिल्म अडते. तसं झालंच तर जुना टूथब्रश, कोमट पाणी आणि धीर. नंतर सगळे भाग सुटे करून सावलीत ठेवा. झाकण लावून टँक कपाटात ठेवायचा नाही, पावसाळ्यात तर मुळीच नाही.