धरणाच्या पाणलोटात सेप्टिक टाकी बांधताय? या चुका टाळा

"आमची टाकी आठ वर्षांत एकदाही भरली नाही," असं कुणी कौतुकानं सांगितलं की माझ्या पोटात गोळा येतो. मी मुलुंडला राहतो, बावीस वर्षं ड्रेनेजची कामं करतोय. त्यातली बरीचशी शहापूर तालुक्यात मुंबईकरांनी बांधलेल्या घरांची. हा भातसा-तानसाचा पाणलोट. भातसाचं पाणी धरणातून उघड्या नदीनं पिशापर्यंत येतं, तिथून उचलून पांजरापूरला शुद्ध होतं आणि मुंबईला मिळतं. त्या नदीला मिळणाऱ्या ओढ्यात मैला सोडणारा माणूस आपल्याच शहराच्या पाण्यात तो सोडत असतो.

सर्वात मोठी चूक म्हणजे टाकीला तळच न घालणं. मुकादम सांगतो, "साहेब, खाली मुरूम ठेवू, पाणी जिरत राहील, उपशाचा खर्च नाही." मालकाला ते पटतं. पण सेप्टिक टाकी नेहमी भरलेलीच असायला हवी. गाळ खाली बसतो, साय वर तरंगते, मधलं पाणी बाहेर जाणाऱ्या पाइपातून शोषखड्ड्यात जातं. टाकीतली पातळी त्या पाइपाच्या खाली उतरली, तर टाकी गळतेय.

किन्हवलीच्या बाजूला एका निवृत्त गृहस्थांचं घर होतं. शेजारच्या कातकरी कुटुंबाच्या विहिरीला पावसाळा लागला की वास यायचा, म्हणून मला बोलावलं. झाकण उघडून बॅटरी मारली. घरात चार दिवस सात माणसं राहून गेलेली, तरी पाणी गुडघाभरसुद्धा नाही. बाहेर जाणाऱ्या टी-पाइपाच्या तोंडाला कोळ्याचं जाळं, पाइप आतून कोरडा ठणठणीत. आठ वर्षांत त्यातून थेंबही गेला नव्हता! टेप लावला, टाकी ते विहीर अकरा मीटर. पाणी जिरवायची कुठलीही व्यवस्था पिण्याच्या पाण्यापासून किमान १८ मीटर लांब हवी, आणि इथं टाकीच शोषखड्डा झालेली. ते गृहस्थ वाईट नव्हते. तिथंच पायरीवर बसले आणि म्हणाले, "अहो, त्यांची लहान मुलं आहेत." जुनी टाकी उपसून बुजवली, विहिरीपासून दूर, खालच्या उताराला नवी बांधली. विहीर उपसून साफ केली, पण त्या वर्षी दिवाळीपर्यंत त्या घरानं पिण्याचं पाणी लांबून आणलं.

तेव्हापासून माझी सवय अशी: तळाचं काँक्रीट आणि आतलं प्लास्टर सुकलं की टाकी पाण्यानं काठोकाठ भरायची, पातळीवर खिळ्यानं रेघ ओढायची आणि दुसऱ्या दिवशी स्वतः जाऊन बघायचं. पाणी रेघेखाली उतरलं असेल तर मुकादमाचा शेवटचा हप्ता थांबतो. मालकाला गृहप्रवेशाची कितीही घाई असो, मी स्लॅब टाकू देत नाही.

शोषखड्ड्याचंही तसंच. या भागात दोन-तीन फुटांखाली कातळ लागतो आणि कातळात पाणी जिरत नाही. आधी लहान खड्डा खणा, रात्रभर त्यात पाणी ठेवा, सकाळी मोजा. पातळी २५ मिलिमीटर उतरायला अर्ध्या तासाहून जास्त लागला तर शोषखड्डा तिथं चालणार नाही, पाणी पसरून जिरवणारे लांब चर काढावे लागतील. तासाहून जास्त लागला तर चरही नकोत, पाणी शुद्ध करायची वेगळी सोय करा. ही चाचणी मे महिन्यात उरकू नका. मेमध्ये सगळंच जिरतं, जुलैत तेच पाणी वर येतं. मग कुणीतरी गुपचूप ओढ्यात पाइप काढतो. १९७४ च्या जल कायद्यानं त्याला बंदी आहे.

फक्त ग्रामपंचायतीच्या दाखल्यावर बांधकाम सुरू करू नका. जमीन अभयारण्यालगत किंवा पर्यावरण संवेदनशील क्षेत्रात आहे का, ते प्लॉट घेण्याआधी बघा.

पावसाचं पाणी टाकीत जोडू नका. पहिल्याच जोरदार सरीत सगळा गाळ शोषखड्ड्यात जातो.

पाच माणसांची टाकी बांधून एकतीस डिसेंबरला पंचवीस माणसं बोलावू नका.

संडासात ॲसिड ओतू नका. जिवाणू पावडरीनं उपसा टळत नाही, दर दोन-तीन वर्षांनी गाळ काढावाच लागतो.

आणि माणूस आत उतरवू नका. एका घरी मी पोचलो तेव्हा विशीतला एक मुलगा कमरेला दोर बांधून झाकणापाशी बसला होता, बाजूला बादली. टाकीतल्या वायूनं माणूस ओरडायच्या आत कोसळतो, आणि त्याला काढायला उतरलेलाही परत येत नाही. मी त्याचा दोर सोडवला, दिवसाची मजुरी दिली आणि सक्शन टँकर मागवला. सुरक्षेच्या साधनांशिवाय कुणाला टाकीत उतरवणं २०१३ च्या कायद्यानं गुन्हा आहे. टँकरला पैसे जास्त पडतात म्हणून जो कुरकुरतो, त्याचं काम मी घेत नाही.

टँकर आला म्हणजेही काम संपत नाही. रात्री घाटात ओढ्याशेजारी नळी सोडून मोकळे होणारे टँकर मी पाहिलेत. मी निम्मेच पैसे आधी देतो. गाळ प्रक्रिया केंद्रात उतरवल्याची पावती हातात आली की उरलेले.