हिपॅटायटीस बी: ताट नको, नेलकटर वेगळं करा

माझ्या मावसबहिणीला तिसरा महिना होता. नेहमीच्या रक्ततपासणीत 'एचबीएसएजी पॉझिटिव्ह' आलं, म्हणजे रक्तात हिपॅटायटीस बीचा विषाणू असल्याची खूण सापडली, आणि संध्याकाळपर्यंत तिचं ताट-वाटी वेगळं झालं. चुकून मिसळू नये म्हणून सासूबाईंनी ताटाच्या पाठीला नेलपॉलिशचा ठिपकासुद्धा दिला. बाथरूमच्या खिडकीतलं नेलकटर मात्र एकच होतं, अख्ख्या घराचं.

१. आधी कावीळ कुठली ते बघा

आपल्याकडे सगळ्याला 'कावीळ'च म्हणतात, म्हणून हा गोंधळ होतो. हिपॅटायटीसचे, म्हणजे यकृताच्या सुजेचे, ए आणि ई हे प्रकार दूषित पाण्या-अन्नातून येतात. पाणी उकळायचं ते त्यांच्यासाठी. बी, म्हणजे लोक जिला पांढरी कावीळ म्हणतात ती, रक्त, वीर्य आणि योनिस्रावातून पसरते, शिवाय बाळंतपणात आईकडून बाळाला होते. एका ताटात जेवणं, मिठी मारणं, खोकला, शिंक, डास, एकच संडास यांतून ती लागत नाही. आणि डोळे पिवळे झालेच पाहिजेत असंही नाही. बहुतेकांना कळतं ते असं तपासणीतच.

२. घरात काय वेगळं करायचं

रेझर, टूथब्रश, नेलकटर, कानातले, साखर तपासायची सुई. हा विषाणू शरीराबाहेर किमान ७ दिवस तग धरतो, त्यामुळे पात्यावर सुकलेलं, न दिसणारं रक्तही पुरतं. रक्त सांडलं तर हातमोजे घालून पुसा, मग १ भाग ब्लीच आणि ९ भाग पाणी असं मिश्रण त्या जागी १० मिनिटं राहू द्या. जोडीदाराला लशीचं संरक्षण मिळेपर्यंत कंडोम वापरा.

३. घरातल्या सगळ्यांची तपासणी, मग लस

एचबीएसएजी (आत्ता संसर्ग आहे का), अँटी-एचबीएस (संरक्षण आहे का) आणि अँटी-एचबीसी (कधी संसर्ग झाला होता का) या तीन तपासण्या एकदमच सांगा. नुसती पहिली केली तर पूर्वी होऊन गेलंय का, संरक्षण आहे का, हे कळत नाही. रक्त दिल्यावर त्याच दिवशी पहिला डोस घेता येतो, रिपोर्टसाठी थांबायची गरज नाही.

मोठ्यांना साधारणपणे तीन डोस: आज, १ महिन्याने, ६ महिन्यांनी. इंजेक्शन दंडातच घ्या. कमरेत घेतलं तर लस नीट लागू पडत नाही. दुसरा डोस राहून गेला? पुन्हा पहिल्यापासून सुरुवात नको, राहिलेला घ्या आणि पुढे चला. लशीत विषाणू नसतोच, त्याच्या कवचाचं यीस्टमध्ये बनवलेलं प्रथिन असतं, त्यामुळे लशीमुळे कावीळ होत नाही. शेवटच्या डोसनंतर १ ते २ महिन्यांनी अँटी-एचबीएस १० किंवा जास्त आलं की झालं. पुढे आकडा घसरला तरी निरोगी माणसाला सहसा बूस्टर लागत नाही.

बाळाच्या बाबतीत मात्र घड्याळ बघायचं. जन्मतः संसर्ग झालेल्या दर १० बाळांपैकी ९ जणांत तो कायमचा राहतो. मोठ्यांत हेच प्रमाण शंभरात पाचाहूनही कमी. म्हणून लस प्रत्येक बाळाला २४ तासांत, आणि नंतर ६, १०, १४ आठवड्यांना पेंटाव्हॅलंट या पाच-रोगांच्या एकत्र लशीतून. आई पॉझिटिव्ह असेल तर १२ तासांच्या आत लशीबरोबर इम्युनोग्लोब्युलिनही (विषाणूविरुद्धच्या तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन). ते दवाखान्यात शिल्लक आहे का, हे कळा सुरू व्हायच्या आधीच विचारून ठेवा. आईचा व्हायरल लोड, म्हणजे रक्तातलं विषाणूंचं प्रमाण, जास्त असेल तर शेवटच्या महिन्यांत डॉक्टर टेनोफोव्हिर हे विषाणूविरोधी औषध देतात. अंगावर पाजायला हरकत नाही.

४. उंबऱ्याबाहेर

सलूनमध्ये नवं ब्लेड, जत्रेत गोंदवताना नवी सुई, दवाखान्यात डोळ्यांसमोर फोडलेली सिरिंज. मागायला संकोच वाटतो, मलाही वाटतो. पण २००९ मध्ये गुजरातच्या मोडासा भागात वापरलेल्या सिरिंज पुन्हा वापरल्याने हिपॅटायटीस बीची साथ आली होती आणि त्यात माणसं गेली.

वापरलेली सुई टोचली तर जखम पिळू नका. साबण-पाण्याने धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा. इम्युनोग्लोब्युलिन लागलं तर ते शक्यतो पहिल्या २४ तासांत घ्यावं.

रिपोर्ट पॉझिटिव्ह आला तर कावीळ उतरवणाऱ्याकडे जाण्यात वेळ घालवू नका. २०१८ पासून राष्ट्रीय कार्यक्रमात ठरावीक सरकारी रुग्णालयांत तपासणी आणि औषधं मोफत मिळतात.

भाचीची तपासणी दहाव्या महिन्यात झाली: एचबीएसएजी निगेटिव्ह, संरक्षण भरपूर. ठिपक्याचं ताट अजून मांडणीत आहे, हाताला लागेल तो त्यात जेवतो. नेलकटर आता तीन आहेत.