मॅनेजमेंटमध्ये पीएचडी करताय? 'आधी कोर्सवर्क उरकू' म्हणण्यापासून सुरू होणाऱ्या या चुका टाळा

शनिवारी सकाळी दहाला कोर्सवर्कचा, म्हणजे पीएचडीच्या सुरुवातीच्या सक्तीच्या विषयांचा, वर्ग भरतो. मागच्या बाकांवर कोणी एचआरमधला, कोणी बँकेतली, कोणी एमबीए कॉलेजात शिकवणारा. फळ्यावर नल हायपोथेसिस चालू असतं आणि बाकाखाली ऑफिसच्या मेलना उत्तरं जात असतात. 'एकदा हे कोर्सवर्क उरकलं की खरी पीएचडी सुरू,' हे वाक्य त्या बाकांवर मी असंख्य वेळा ऐकलं, स्वतःही म्हटलं. नोकरी सांभाळून पीएचडी करणाऱ्यांच्या बहुतेक अडचणींचं मूळ या एका वाक्यात आहे, असं आता माझं मत झालंय.

पहिली गोष्ट म्हणजे घड्याळ कोर्सवर्कनंतर सुरू होत नाही. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) 2022 च्या नियमावलीनुसार कमीत कमी तीन वर्षं आणि जास्तीत जास्त सहा वर्षं मोजली जातात ती प्रवेशाच्या तारखेपासून, कोर्सवर्क धरून. पुनर्नोंदणी करून आणखी दोन वर्षं मिळू शकतात. महिलांना आणि 40 टक्क्यांहून जास्त अपंगत्व असलेल्यांना त्यावर अजून दोन. ऐकायला भरपूर वाटतं. पण पहिलं वर्ष वर्गात बसण्यात, दुसरं विषय बदलण्यात आणि तिसरं मार्चएंडमध्ये गेलं की उरतं किती, ते बोटांवर मोजून बघा.

कोर्सवर्क किमान 12 क्रेडिटचं असतं. त्यात संशोधनपद्धती आणि 'संशोधन व प्रकाशन नीतिमत्ता' हे दोन विषय ठरलेले, आणि 55 टक्के मिळाल्याशिवाय पुढे जाता येत नाही. लोक इथे पासिंगचा हिशेब करतात आणि असाइनमेंट सीनियरकडून 'संदर्भासाठी' घेतात. माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. लिटरेचर रिव्ह्यूची असाइनमेंट असेल तर ती तुमच्याच विषयावर करा, पंधरा-वीस शोधनिबंधांचा तक्ता बनवा: प्रश्न काय, नमुना कोणाचा, पद्धत कोणती, काय सुटलं. संख्याशास्त्राची असेल तर सरांनी दिलेल्या आकडेवारीऐवजी आपल्या प्रश्नावलीची छोटी चाचणी घ्या. तुमच्या कामावर देखरेख ठेवणारी संशोधन सल्लागार समिती 'स्वयं'सारख्या सरकारी ऑनलाइन मंचावरचे मान्य कोर्सही क्रेडिटसाठी सुचवू शकते. तेव्हा सोपे मार्क कुठे मिळतील हे न पाहता पुढे विश्लेषणात काय लागणार आहे ते पाहून कोर्स निवडा. असं केलं तर कोर्सवर्क संपताना तुमच्या हातात एका प्रकरणाचा कच्चा मसुदा असतो.

हे मी केलं नाही. त्याची किंमत सांगतो.

माझा विषय होता छोट्या पुरवठादारांना मोठ्या कंपन्यांकडून बिलाचे पैसे उशिरा मिळण्याचा. एमएसएमई (सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग) कायदा 2006 चा. लेखी करार असेल तर फार तर 45 दिवसांत आणि करार नसेल तर 15 दिवसांत पैसे द्यावेत, असं तो सांगतो. पुढे 2023 च्या वित्त कायद्याने आयकरात 43बी(एच) हे कलम आणलं: सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे मुदतीत दिले नाहीत, तर तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत वजावटीला धरायचा नाही. विषय ताजा होता, भोसरी-चाकणला ओळखी होत्या. मी घाईघाईने गूगल फॉर्म केला, त्यात प्रश्न टाकला, 'तुम्ही एमएसएमई आहात का? हो / नाही'. दोनशेच्या वर उत्तरं आली आणि मी खूश.

विश्लेषणाला बसल्यावर लक्षात आलं की 'हो' म्हणणाऱ्यांत व्यापारीही होते आणि मध्यम उद्योगही. व्यापाऱ्यांना उद्यम नोंदणी (एमएसएमई म्हणून होणारी सरकारी नोंदणी) करता येते, पण उशिरा मिळणाऱ्या पैशांबाबतचं हे संरक्षण त्यांना नाही. मध्यम उद्योगही 43बी(एच) मध्ये येत नाहीत. म्हणजे माझ्या सगळ्या उत्तरांत सूक्ष्म-लघु उद्योग, मध्यम उद्योग आणि व्यापारी हे तीन गट एकमेकांत मिसळलेले, आणि वेगळे करायला प्रश्नच विचारलेला नव्हता. पुढचे दोन महिने रोज संध्याकाळी एकेकाला फोन: 'साहेब, मागे तो फॉर्म भरला होतात ना, उद्यम सर्टिफिकेटवर काय लिहिलंय जरा बघता का?' निम्म्यांनी फोन उचलला नाही. वीस जणांना आधी दाखवून घेतलं असतं तर दुसऱ्या-तिसऱ्या माणसानेच विचारलं असतं, 'आम्ही ट्रेडिंगमध्ये आहोत, आम्ही काय लिहू?'

प्रश्नावलीवरून आठवलं, ती किती जणांकडून भरून घ्यायची याचा ठरलेला आकडा: 384. मॅनेजमेंटच्या प्रबंधांत हा आकडा आरतीतल्या ध्रुवपदासारखा परत परत येतो. 95 टक्के विश्वासपातळी, पाच टक्के चूक आणि 50 टक्के प्रमाण धरलं की मोठ्या लोकसंख्येसाठी सूत्रातून 384 निघतात, बरोबर आहे. पण ते सूत्र यादृच्छिक, म्हणजे चिठ्ठ्या टाकल्यासारख्या निवडलेल्या, नमुन्यासाठी आहे. सोसायटीच्या आणि कॉलेजच्या बॅचच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिंक टाकून 384 जण गोळा केले, तर आकडा जुळतो आणि नमुना तोच सोयीचा राहतो. शिवाय तुमची लोकसंख्याच हजाराची असेल तर त्याच हिशेबाने 278 पुरतात. सोयीचा नमुना घेतला असेल तर तसं सरळ लिहा, आणि निष्कर्ष 'महाराष्ट्रातील सर्व लघुउद्योग' इथपर्यंत ताणू नका. क्रॉनबॅक अल्फा (प्रश्नांची उत्तरं एकमेकांशी किती जुळतात याचं माप) 0.7 च्या वर आला म्हणजे प्रश्नावली चांगली, हीही अशीच समजूत. एकच प्रश्न शब्द फिरवून सहा वेळा विचारला तरी अल्फा झकास येतो.

विषयाची चूक यापेक्षा आधीची असते. 'अमुक क्षेत्रातील कर्मचाऱ्यांच्या समाधानाचा अभ्यास: विशेष संदर्भ पुणे जिल्हा' या साच्यात जिल्हा बदलला की नवा प्रबंध तयार होतो. नाव नोंदवण्याआधी शोधगंगावर जा, तिथे भारतभरातले प्रबंध आहेत. त्याच साच्यातले दहा सापडले तर अकरावा तुम्ही का लिहिताय, याचं उत्तर दोन ओळींत द्यायला जमतंय का बघा. नोकरीतून आलेल्या माणसाकडे इथे खरं तर मोठी शिदोरी असते. बिल पास कुठे अडतं, टार्गेट कोण ठरवतं, हे त्याला आतून माहीत असतं. पण अनेक जण ते बाजूला ठेवून कुठलं तरी मॉडेल उचलतात, कारण ते 'अकॅडमिक' दिसतं.

अर्धवेळ पीएचडी करणाऱ्यांनी ऑफिसकडून मिळणारी एनओसी (ना-हरकत पत्र) नीट वाचून घ्यावी. 'आमची हरकत नाही' एवढं एका ओळीचं पत्र पुरत नाही. अर्धवेळ अभ्यासाला परवानगी आहे, कामाच्या स्वरूपामुळे संशोधनाला पुरेसा वेळ देता येईल, आणि गरज पडल्यास कोर्सवर्कसाठी मोकळीक दिली जाईल, या तिन्ही गोष्टी त्यात हव्यात. तिसरी ओळ एचआरवाले हमखास गाळतात आणि नेमकी ऑडिटच्या आठवड्यात तुमची परीक्षा येते.

गाइडबद्दल थोडक्यात. 'सर बिझी असतात' हे खरंच आहे. प्राध्यापकाकडे एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकाकडे सहा आणि सहायक प्राध्यापकाकडे चार विद्यार्थी असू शकतात. चार महिने गप्प राहून मग ऐंशी पानं पाठवू नका. दर पंधरवड्याला दोन पानं आणि एक नेमका प्रश्न पाठवा. सल्लागार समितीपुढे दर सत्रात सादरीकरण करावं लागतं आणि प्रगती वारंवार असमाधानकारक ठरली तर नोंदणी रद्द करण्याची शिफारस होऊ शकते. तिथे मिळालेल्या सूचना त्याच दिवशी लिहून गाइडना मेल करा, नाहीतर पुढच्या सत्रात समितीतलं दुसरं कोणी उलट सांगतं आणि तुम्ही मध्ये अडकता.

ऑनलाइन डॉक्टरेटच्या जाहिरातींना भुलू नका, एवढंच सांगतो. एड-टेक कंपन्यांनी परदेशी विद्यापीठांशी मिळून चालवलेल्या ऑनलाइन पीएचडीला मान्यता नाही, असं यूजीसी आणि एआयसीटीईने (तंत्रशिक्षण परिषदेने) 2022 मध्ये जाहीर केलंय. प्राध्यापक व्हायचं असेल तर ती पदवी उपयोगाची नाही.

पेपर छापण्याची घाईही अशीच. प्रबंधाआधी शोधनिबंध छापलाच पाहिजे ही यूजीसीची सक्ती 2022 मध्ये गेली, पण विद्यापीठ आपली अट ठेवू शकतं. म्हणून आपल्या विद्यापीठाचा नियम वाचा, मित्राच्या विद्यापीठाचा नको. यूजीसीची मान्य संशोधन-नियतकालिकांची 'केअर' यादी फेब्रुवारी 2025 मध्ये बंद झाली, तरी 'केअर लिस्टेड, तीन दिवसांत प्रकाशन' असे मेसेज फिरतातच. आणि छापलेल्या पेपरचे परिच्छेद प्रबंधात जसेच्या तसे टाकले तर साम्य-अहवालात (मजकूर आधीच्या लिखाणाशी किती जुळतो ते दाखवणाऱ्या अहवालात) तेही दिसतात. दहा टक्क्यांपर्यंत साम्य चालतं, त्यावर गेलं तर सुधारून पुन्हा सादर करावं लागतं आणि 60 टक्क्यांवर गेलं तर नोंदणीच जाते. अहवाल शेवटच्या आठवड्यात एकदम काढण्यापेक्षा प्रत्येक प्रकरण झालं की लगेच काढून घ्या. विद्यापीठाच्या ग्रंथालयात ही सोय बहुधा मिळते, बाहेर झेरॉक्सच्या दुकानात पैसे मोजायची गरज नाही.