नेटवर्किंगमधील पहिले सर्टिफिकेशन कसे निवडावे

नेटवर्किंगमध्ये येऊ पाहणारे बहुतेक जण सुरुवातीलाच कोणती परीक्षा द्यावी हे विचारतात. त्याआधी आणखी एका प्रश्नाचे उत्तर शोधावे लागते, ते म्हणजे पहिल्या नोकरीत रोज कोणते काम आपल्या वाट्याला येणार आहे. हेल्प डेस्कवर बसणाऱ्याला प्रिंटर, पासवर्ड, वाय-फाय आणि संथ चालणारे लॅपटॉप सांभाळावे लागतात. फील्ड टेक्निशियन रॅकमध्ये स्विच बसवतो, केबल टाकतो, तिच्या टोकाला कनेक्टर दाबून बसवतो (क्रिम्प करतो) आणि टेस्टरने तपासतो. नेटवर्क ऑपरेशन्स सेंटरमध्ये, म्हणजेच नॉकमध्ये, शिफ्टनुसार बसून अलार्म पाहायचे असतात, तक्रारीची नोंद, म्हणजे टिकट, उघडायचे असते, प्राथमिक तपासणी करायची असते आणि प्रश्न सुटला नाही तर तो वरच्या स्तरावर पाठवायचा असतो. या तिन्ही कामांना लागणारे ज्ञान काही अंशी सामाईक असले, तरी त्यांच्यासाठी उपयोगी पडणारे पहिले प्रमाणपत्र एकच असेल असे नाही.

म्हणून निवड नोकरीच्या जाहिरातींपासून सुरू करावी. आपण ज्या भागात आणि ज्या प्रकारच्या कंपनीत काम शोधणार आहोत, तिथल्या अनुभव न मागणाऱ्या किंवा अगदी थोडा अनुभव मागणाऱ्या वीसेक जाहिराती गोळा कराव्यात, आणि त्यांत कोणते प्रमाणपत्र, कोणत्या कंपनीची उपकरणे व कोणती कामे पुन्हा पुन्हा येतात ते वहीत नोंदवावे. त्यानंतर संबंधित परीक्षेची उद्दिष्टसूची उतरवून घ्यावी. ती परीक्षा घेणाऱ्या संस्थेच्या संकेतस्थळावर मोफत मिळते. सूचीतील प्रत्येक ओळीपुढे ‘करता येते’, ‘ऐकले आहे’ किंवा ‘माहीत नाही’ यांपैकी एक खूण करावी. या कामाला एक संध्याकाळ पुरते. परीक्षा आपल्यापासून किती दूर आहे आणि ती आपल्या इच्छित कामाच्या किती जवळ आहे, हे इतक्या स्पष्टपणे कोणताही क्लास सांगू शकणार नाही.

आता प्रत्यक्ष पर्यायांकडे वळू. कॉम्पटिया या प्रमाणपत्रे देणाऱ्या संस्थेचे ए प्लस हे संगणक, ऑपरेटिंग सिस्टिम, मोबाइल उपकरणे आणि ग्राहकांना मदत करण्याची पद्धत यांचे प्रमाणपत्र आहे. नेटवर्किंग हा त्यातील केवळ एक भाग. त्यासाठी कोअर १ आणि कोअर २ अशा दोन स्वतंत्र परीक्षा उत्तीर्ण व्हाव्या लागतात आणि शुल्कही दोनदा भरावे लागते. संगणक उघडून रॅम बदलण्याचा किंवा विंडोज नव्याने टाकण्याचा अनुभव ज्याला नाही आणि ज्याला हेल्प डेस्कपासूनच सुरुवात करायची आहे, त्याच्यासाठी ए प्लस योग्य आहे. ज्याला ही कामे आधीच येतात, त्याने केवळ क्रमाने पहिले नाव आहे म्हणून त्यावर पैसे आणि महिने खर्च करू नयेत, असे माझे मत आहे.

खरा पेच असतो तो नेटवर्क प्लस आणि नेटवर्क उपकरणे बनवणाऱ्या सिस्को कंपनीचे सीसीएनए यांच्यामध्ये. नेटवर्क प्लस हेही कॉम्पटियाचे असून ते कोणत्याही एका कंपनीच्या उपकरणांना बांधलेले नाही. त्याची एन१०-००९ ही आवृत्ती जून २०२४मध्ये आली. परीक्षेत ९० मिनिटांत जास्तीत जास्त ९० प्रश्न असतात आणि १०० ते ९०० या मापनावर ७२० गुण मिळवावे लागतात. त्यातील सर्वांत मोठा विभाग समस्यानिवारणाचा, म्हणजे २४ टक्के आहे, आणि त्याखालोखाल मूलभूत संकल्पनांचा विभाग २३ टक्के आहे. केबलचे प्रकार, पोर्ट क्रमांक, वायरलेसची मानके, नेटवर्कची कागदपत्रे कशी ठेवावीत आणि बिघाड कोणत्या क्रमाने शोधावा, असा विषयांचा विस्तार मोठा आहे. मात्र राउटरच्या कमांड लाइनवर बसून तो संपूर्ण कॉन्फिगर करण्याइतकी खोली त्यात अपेक्षित नाही.

सिस्कोची सीसीएनए ही २००-३०१ क्रमांकाची परीक्षा १२० मिनिटांची आहे. २४ फेब्रुवारी २०२० रोजी सिस्कोने सीसीएनएच्या अनेक शाखा बंद करून ही एकच परीक्षा ठेवली, आणि ऑगस्ट २०२४पासून तिची १.१ ही सुधारित आवृत्ती चालू झाली. आयपी कनेक्टिव्हिटीला २५ टक्के, नेटवर्कच्या मूलभूत गोष्टींना व नेटवर्क अॅक्सेसला प्रत्येकी २० टक्के, सुरक्षेला १५ टक्के, तर आयपी सेवांना आणि ऑटोमेशनला प्रत्येकी १० टक्के वजन आहे. ओएसपीएफ या रूटिंग प्रोटोकॉलचे, म्हणजे राउटरनी आपसांत मार्गांची माहिती देण्याच्या पद्धतीचे, उदाहरण घेतले, तर दोन्ही परीक्षांतील अंतर लगेच कळते. नेटवर्क प्लसमध्ये तो काय आहे आणि इतरांपेक्षा कसा वेगळा आहे हे माहीत असावे लागते. सीसीएनएमध्ये तो एका एरियापुरता (राउटरांच्या एका गटापुरता) कॉन्फिगर करून शेजारी राउटरशी नाते का जुळत नाही हेही शोधता यावे लागते. त्यामुळे ज्याला खात्रीने नेटवर्कचेच काम करायचे आहे आणि जो चार ते सहा महिने नियमित अभ्यास करू शकतो, त्याने थेट सीसीएनएकडे जावे, अशी माझी ठाम शिफारस आहे. या परीक्षेसाठी आधी दुसरे कोणतेही प्रमाणपत्र लागत नाही, आणि त्यासाठी केलेली तयारी जुनिपर किंवा अन्य कंपनीच्या उपकरणांवर काम करतानाही वाया जात नाही, कारण व्हीलॅन (एकाच स्विचवर वेगळी केलेली नेटवर्के), रूटिंग टेबल (कोठे कोणत्या मार्गाने जायचे याची यादी) आणि एआरपी (आयपी पत्त्यावरून उपकरणाचा हार्डवेअर पत्ता शोधणे) यांची कार्यपद्धती कंपनीनुसार बदलत नाही. नेटवर्क प्लस त्यांनी निवडावे, ज्यांच्या जाहिरातींत त्याचे नाव स्पष्ट आले आहे, ज्यांना नेटवर्कसोबत सर्व्हर, क्लाउड किंवा सुरक्षा यांकडेही जायचे आहे, किंवा ज्यांना सीसीएनएची उद्दिष्टसूची वाचताना निम्म्याहून अधिक ओळी अनोळखी वाटल्या.

अगदी सुरुवातीच्या विद्यार्थ्यांसाठी सिस्कोचे सीसीएसटी नेटवर्किंग हे ५० मिनिटांच्या परीक्षेचे छोटे प्रमाणपत्र आहे. अभ्यासाला वळण लावण्यासाठी ते चांगले, पण जाहिरातीत सीसीएनए मागितले असेल तर त्याची जागा ते घेऊ शकत नाही. आपल्या परिसरातील सेवा पुरवठादार कंपन्या जुनिपरची उपकरणे वापरत असतील, तर जेएनसीआयए-जुनोस ही ६५ प्रश्नांची आणि ९० मिनिटांची परीक्षा विचारात घ्यावी. कॉम्पटियाचे सिक्युरिटी प्लस आणि क्लाउडची प्राथमिक प्रमाणपत्रे दुसऱ्या पायरीसाठी ठेवलेली बरी, कारण पॅकेट, म्हणजे नेटवर्कवरून जाणारा डेटाचा तुकडा, कोठून कोठे जाते हे न कळता फायरवॉलचे नियम लिहायला गेल्यास ते नियम पाठ होतात, समजत नाहीत.

जुन्या सल्ल्यांबाबत सावध राहावे. सिस्कोचे सीसीइएनटी हे प्राथमिक प्रमाणपत्र आणि आयसीएनडीच्या दोन परीक्षा २०२०मध्ये बंद झाल्या, आणि मायक्रोसॉफ्टची एमटीए ही प्राथमिक परीक्षामालिका २०२२मध्ये संपली. तरीही त्यांची पुस्तके आणि त्यांचा सल्ला अजून हाती येतो. कॉम्पटियाच्या परीक्षांची आवृत्ती साधारण तीन वर्षांनी बदलते आणि नवी आल्यावर जुनी काही महिनेच चालू राहते, म्हणून पुस्तक घेण्यापूर्वी त्यावरील परीक्षा क्रमांक तपासून घ्यावा.

परीक्षा ठरली की सबनेटिंगपासून, म्हणजे नेटवर्क लहान भागांत (सबनेटमध्ये) विभागण्याच्या हिशेबापासून, सुरुवात करावी, कारण ती कच्ची राहिली तर पुढचे सगळे डळमळीत होते. समजा, एका संगणकाचा पत्ता १९२.१६८.१०.७० आहे आणि मास्क स्लॅश २६ आहे, म्हणजे पत्त्याच्या ३२ बिटांपैकी पहिले २६ नेटवर्कचे आहेत. ३२मधून २६ वजा केले की ६ बिट उरतात, म्हणजे प्रत्येक सबनेटमध्ये ६४ पत्ते येतात आणि सबनेट ०, ६४, १२८ व १९२ पासून सुरू होतात. ७० हा आकडा ६४ ते १२७ या गटात बसतो. त्यातील ६४ हा नेटवर्कचा पत्ता आणि १२७ हा ब्रॉडकास्टचा, म्हणजे सबनेटमधील सर्वांना एकदम संदेश पाठवण्याचा, पत्ता, म्हणून उपकरणांना ६५ ते १२६ असे ६२ पत्ते देता येतात. आता कोणी या संगणकाचा गेटवे, म्हणजे बाहेर नेणाऱ्या राउटरचा पत्ता, १९२.१६८.१०.१ असा भरला असेल, तर तो दुसऱ्या सबनेटमध्ये पडतो. शेजारच्या संगणकाला पिंग (उत्तर येते का ते पाहणारा चाचणी संदेश) जातो, पण बाहेरचे काहीच उघडत नाही. अशी तक्रार नॉकमध्ये आली की केबल बदलत बसण्याऐवजी अर्ध्या मिनिटात कारण सांगता यावे, इतका हा हिशेब हातात बसला पाहिजे. रोज दहा उदाहरणे कागदावर सोडवल्यास दोन-तीन आठवड्यांत तो तोंडी होतो.

प्रात्यक्षिकासाठी महागडी उपकरणे विकत घेण्याची गरज नाही. सिस्को नेटवर्किंग अकॅडमीत नाव नोंदवल्यावर पॅकेट ट्रेसर मोफत मिळतो आणि सीसीएनएच्या बहुतेक अभ्यासाला तो पुरतो. त्यात दोन स्विच आणि एक राउटर जोडावा, व्हीलॅन १० आणि २० तयार करावेत, दोन स्विचच्या मध्ये ट्रंक (अनेक व्हीलॅनची वाहतूक नेणारा दुवा) लावावा, राउटरवर दोन्ही व्हीलॅनसाठी सबइंटरफेस (एकाच पोर्टचे आभासी भाग) द्यावेत आणि डीएचसीपी (संगणकांना आपोआप पत्ते देणारी सेवा) चालू करावे. सगळे चालू लागले की ते मुद्दाम बिघडवावे, आणि माझ्या मते हाच सरावाचा सर्वांत मोलाचा भाग आहे. ट्रंकवरील परवानगीच्या यादीतून व्हीलॅन २० काढून टाकला, तर पलीकडच्या स्विचवरील त्या व्हीलॅनमधल्या संगणकाला पत्ता मिळत नाही आणि त्यावर १६९.२५४ने सुरू होणारा, संगणकाने स्वतःच घेतलेला पत्ता दिसू लागतो. लक्षण आधी पाहून मग कमांडने कारण शोधायचे, अशी सवय लागली की परीक्षेतील सिम्युलेशनचे प्रश्न आणि मुलाखतीतील प्रश्न दोन्ही सोपे जातात. सोबत वायरशार्क हे पॅकेट पकडून दाखवणारे मोफत साधन आपल्याच संगणकावर चालवून डीएचसीपीचे चार संदेश आणि टीसीपीची (डेटा खात्रीने पोहोचवणाऱ्या प्रोटोकॉलची) तीन टप्प्यांची जोडणी डोळ्यांनी पाहावी. आकृतीत वाचलेली गोष्ट खऱ्या पॅकेटमध्ये दिसली की ती विसरत नाही.

खऱ्या परीक्षेतले प्रश्न म्हणून विकले जाणारे डंप मात्र घेऊ नयेत. परीक्षेपूर्वी मान्य केलेल्या कराराचा तो भंग असतो आणि त्यासाठी प्रमाणपत्र रद्द होऊ शकते. शिवाय मुलाखत घेणाऱ्याने फळ्यावर दोन राउटर काढून एकच प्रश्न विचारला, तरी पाठांतर उघडे पडते.

सराव परीक्षांत सातत्याने ८५ टक्क्यांच्या आसपास गुण मिळू लागले की तारीख घ्यावी. नेटवर्क प्लस आणि सीसीएनए या दोन्ही परीक्षांची पद्धत वेगळी असते: कॉम्पटियाच्या परीक्षेत प्रश्नावर खूण करून नंतर परत येता येते, म्हणून सुरुवातीलाच येणारे प्रात्यक्षिक प्रश्न बाजूला ठेवून आधी बहुपर्यायी प्रश्न सोडवणे सोयीचे ठरते, तर सीसीएनएमध्ये पुढे गेल्यावर मागे फिरता येत नाही, त्यामुळे वेळेचे नियोजन प्रश्नागणिक करावे लागते. अपयश आल्यास सीसीएनए पुन्हा देण्यापूर्वी ५ दिवस थांबावे लागते. नेटवर्क प्लसचा दुसरा प्रयत्न लगेच करता येतो, मात्र तिसऱ्यापूर्वी १४ दिवसांचे अंतर लागते. दोन्हींची मुदत तीन वर्षांची आहे, आणि त्या मुदतीत त्याच संस्थेची वरच्या स्तरावरील ठरावीक परीक्षा उत्तीर्ण झाल्यास आधीच्या प्रमाणपत्राचेही नूतनीकरण होते. म्हणून दुसरे प्रमाणपत्र कोणते घ्यायचे हे पहिल्याची मुदत संपण्याच्या निदान वर्षभर आधी ठरवून ठेवावे.