मृत्युपत्रात मुलांसाठी ट्रस्ट करताना

‘सगळं मुलीला’ एवढंच लिहून मृत्युपत्र संपवू नका. ती अज्ञान (18 वर्षांखालील) असेपर्यंत पालक पैसा सांभाळतील, पण 18 पूर्ण होताच सगळी रक्कम एकदम तिच्या हाती येईल. बारावीच्या वयात! त्यापेक्षा मृत्युपत्रातच ट्रस्ट करा, म्हणजे तिच्यासाठीची रक्कम विश्वासू माणसांच्या (ट्रस्टींच्या) हाती सोपवा. शिक्षण आणि दवाखान्याचा खर्च ट्रस्टींनी करावा, मूळ रक्कम 25 व्या वर्षी द्यावी, असं त्यात लिहिता येतं.

इथे एक मेख आहे. भारतीय न्यास (ट्रस्ट) कायदा 1882 च्या कलम 56 नुसार एकमेव लाभार्थी (ज्याच्यासाठी ट्रस्ट केला तो) सज्ञान झाला की मालमत्ता आपल्या नावे करून मागू शकतो. म्हणून ‘पैसे 25 व्या वर्षी द्या’ एवढं पुरत नाही. हक्कच 25 व्या वर्षी मिळेल, आणि त्याआधी तिचं काही बरंवाईट झालं तर वाटा कोणाला जाईल, हेही लिहा. लिहिताना हात थरथरतो, तरी लिहाच. मृत्युपत्रातला हा मजकूर मात्र वकिलाकडूनच लिहून घ्या.

ट्रस्टी दोन नेमा. त्यांतला एक तरी मुलीला सांभाळणाऱ्यांपैकी नसावा. पर्यायी नावही द्या आणि आधी त्यांना विचारा. कितीतरी मामा-काकांना आपलं नाव घातल्याचं नंतरच कळतं. मृत्युपत्रावर सही दोन साक्षीदारांसमोर करा.

वडील नवीन विमा काढत असतील तर विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेच्या 1874 च्या कायद्याखाली बायको-मुलांच्या नावे घ्या. त्या विम्याचा आपोआप बायको-मुलांसाठी ट्रस्ट होतो, आणि सहसा सावकारांना त्या रकमेला हात लावता येत नाही.