छोट्या गाडीचे साउंडप्रूफिंग आणि नवी ऑडिओ सिस्टीम: या चुका टाळा

छोट्या हॅचबॅकचा पत्रा पातळ असतो, दरवाजे हलके असतात आणि किंमत आटोक्यात ठेवण्यासाठी आवाज रोखणारे थर कारखान्यातच अगदी मोजके लावलेले असतात. मुंबई–पुणे द्रुतगती मार्गाच्या काँक्रीटवर ताशी ८०–९० किलोमीटरचा वेग धरला की टायरचा आवाज आत घुमू लागतो, मागच्या सीटवरच्या माणसाशी बोलताना आवाज चढवावा लागतो आणि गाणे नीट ऐकू यावे म्हणून व्हॉल्यूम वाढवत न्यावा लागतो. मग साउंडप्रूफिंग आणि नवे स्पीकर यांवर बराच खर्च होतो, आणि पुष्कळदा तो झाल्यावरही फरक जाणवत नाही. स्वतःच्या आणि मित्रांच्या मिळून चार छोट्या गाड्यांचे दरवाजे मी उघडले आहेत. या अनुभवावरून माझे मत असे झाले आहे की पैसे वाया जाण्याचे कारण बहुतेक वेळा माल निकृष्ट असणे हे नसते. कामाचा क्रम चुकलेला असतो.

आवाज कुठून येतो हे न पाहता शीट चिकटवणे

बाजारात सरसकट ‘साउंडप्रूफिंग शीट’ म्हणून जी विकली जाते, ती बहुधा ब्युटाइल रबरावर अ‍ॅल्युमिनियमचा पापुद्रा असलेली डॅम्पिंग शीट असते. तिचे काम पत्र्याची थरथर मारणे एवढेच आहे. हवेतून येणारा आवाज ती फारसा अडवत नाही, आणि इंजिन माउंटिंगमधून (इंजिन ज्या रबरी आधारांवर बसवलेले असते त्यांतून) सांगाड्यात उतरणारा हादरा तर मुळीच अडवत नाही. तीन सिलिंडरची गाडी सिग्नलला उभी असताना स्टिअरिंग आणि सीट थरथरत असतील, तर आधी इंजिन माउंटिंग तपासून घ्यावे. तिथले रबर बसले असेल तर दरवाज्यात कितीही शीट घातली तरी ती थरथर जाणार नाही.

निदानासाठी एक सोपी चाचणी आहे. रिकाम्या, सपाट रस्त्यावर ताशी ६०–७० किलोमीटर वेग आला की इंजिन चालूच ठेवून गाडी क्षणभर न्यूट्रलमध्ये सोडावी. घुमणे तसेच राहिले तर ते टायरचे किंवा वाऱ्याचे आहे. कमी झाले तर ते इंजिनाकडून येत आहे. टायरचे असेल तर खर्च करण्यापूर्वी चालकाच्या दरवाज्याजवळच्या स्टिकरवर दिलेला हवेचा दाब आणि प्रत्यक्ष दाब ताडून पाहावा, कारण जास्त हवा भरलेला टायर कडक होतो आणि रस्त्याचा खडखडाट जसाच्या तसा आत पाठवतो. टायरच्या बाजूवर निर्मितीचा चार आकडी शिक्का असतो. तिथे २३१७ असे असेल तर तो टायर २०१७ सालच्या तेविसाव्या आठवड्यातला आहे, आणि इतक्या जुन्या, ताठर झालेल्या रबराचा आवाज शीटने झाकण्यापेक्षा टायर बदलणे सर्व दृष्टींनी शहाणपणाचे आहे. वेग वाढल्यावर शिट्टीसारखा आवाज येत असेल, तर दरवाज्यात कागदाची पट्टी धरून दरवाजा लावावा आणि ती ओढून पाहावी. जिथे ती सहज सुटते, तिथले रबरी बीडिंग (दरवाज्याच्या कडेची पट्टी) दबलेले आहे.

काम सुरू करण्यापूर्वी मोबाइलवरच्या आवाज मोजणाऱ्या अ‍ॅपने नोंद घ्यावी. अ‍ॅपचा आकडा काटेकोर नसला तरी तोच रस्ता, तोच वेग, तोच टायरचा दाब, बंद काचा आणि बंद एसी अशी परिस्थिती ठेवली की आधीचा आणि नंतरचा फरक कळतो. आवाज १० डेसिबलने उतरला तर कानाला तो साधारण निम्मा झाल्यासारखा वाटतो. छोट्या गाडीत एवढी उतरण क्वचितच मिळते. दोन-चार डेसिबल कमी झाले आणि आवाजातला कर्कशपणा गेला, तर काम चांगले झाले असे समजावे.

दरवाजा: सर्वांत जास्त चुका इथेच होतात

दरवाज्याचा बाहेरचा पत्रा बोटाच्या पेराने ठोकून पाहावा. ‘टण्ण’ असा लांबणारा नाद आला तर तो भाग थरथरणारा आहे, ‘थप्’ असा मेलेला आवाज आला तर तिथे शीटची गरज नाही. सपाट, मोकळ्या पत्र्याच्या मध्यभागी साधारण पाव भाग झाकला तरी बहुतेक थरथर मरते. त्यानंतरच्या प्रत्येक शीटचा उपयोग घटत जातो आणि वजन मात्र वाढत जाते. दोन मिलिमीटर जाडीची ब्युटाइल शीट चौरस मीटरला तीन किलोंच्या वर भरते, म्हणजे टपापासून डिकीपर्यंत सगळीकडे ती थापली तर आठ-साडेआठशे किलोंच्या गाडीवर एखाद्या लहान प्रवाशाचे वजन कायमचे चढते.

स्वस्तात काम व्हावे म्हणून काही जण गच्चीच्या गळतीसाठी मिळणारी डांबरी शीट दरवाज्यात लावतात. ती कृपया लावू नये. एप्रिल-मे महिन्यांत उन्हात उभ्या असलेल्या गाडीचा पत्रा इतका तापतो की डांबर मऊ पडते, उभ्या पृष्ठभागावरून घसरते आणि गाडीत वास भरतो. पुढे ती काढणे हे लावण्याच्या दसपट कष्टाचे काम होते. ब्युटाइल शीट लावतानाही पत्रा आधी धूळमुक्त करून आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावा आणि शीटवर रोलर असा दाबून फिरवावा की पापुद्र्यावरची नक्षी सपाट होईल. हाताने थोपटून लावलेली शीट एका उन्हाळ्यात कडेने सुटू लागते.

आता पाण्याविषयी, कारण आपल्या पावसात याच गोष्टीने सर्वांत जास्त नुकसान होते. काचेवरून ओघळणारे पाणी दरवाज्याच्या आत उतरते आणि तळाच्या छोट्या छिद्रांतून बाहेर जाते. ही रचना मुद्दाम तशी केलेली असते. माझ्या पहिल्या गाडीत मी उत्साहाच्या भरात शीट अगदी तळापर्यंत नेली होती. जुलैमध्ये एका सकाळी दरवाजा उघडताना आत कळशी हिंदकळावी तसा आवाज आला. खालच्या कडेला चपटा स्क्रू ड्रायव्हर घालून शीटची कड उचलली तेव्हा तांबूस पाण्याची धार जमिनीवर पडली आणि ती थांबायला मिनिटभर लागले. गंज तोवर शिवणीत शिरला होता. म्हणून तळापासून चार बोटे जागा मोकळी सोडावी आणि काम झाल्यावर काचेवरून तांब्याभर पाणी ओतून ते खालून बाहेर येते का हे पाहावे. त्याच कारणाने दरवाज्यात उघड्या छिद्रांचा, पाणी शोषणारा स्पंज किंवा जुनी चादर घालू नये. फोम हवाच असेल तर पाणी न पिणारा, बंद पेशींचा फोम घ्यावा.

दरवाज्याच्या आतल्या पत्र्यावर मोठी छिद्रे असतात आणि त्यांवर प्लॅस्टिकचा पडदा चिकटवलेला असतो. तो फाडून तसाच ठेवला तर पाणी ट्रिमपर्यंत (दरवाज्याच्या आतल्या आवरणापर्यंत) येते आणि पुठ्ठ्यासारखा भाग फुगतो. ही छिद्रे बंद करण्याचे संगीताच्या दृष्टीनेही मोठे महत्त्व आहे, कारण स्पीकरच्या मागून निघणारी लहर या छिद्रांतून पुढे आली की पुढची लहर खोडली जाते आणि तबल्याचा बायाँ किंवा ढोलकीची धुम पोकळ ऐकू येते. छिद्रावर नुसती शीट ताणून लावली तर ती लोंबते; म्हणून आधी पातळ अ‍ॅल्युमिनियमचा तुकडा बसवून त्यावर शीट लावावी. काच वर-खाली करणारी यंत्रणा बिघडल्यास तो तुकडा काढता आला पाहिजे, हेही ध्यानात ठेवावे. काही गाड्यांत अपघात ओळखणारा दाबाचा सेन्सर दरवाज्यातच असतो. अशा गाडीत दरवाजा हवाबंद करण्यापूर्वी सर्व्हिस सेंटरमध्ये विचारून घ्यावे.

जिथे स्क्रू मारण्यापूर्वी थांबलेच पाहिजे

पेट्रोलची टाकी बहुतेक छोट्या गाड्यांत मागच्या सीटच्या खाली असते आणि इंधनाच्या व ब्रेकच्या नळ्या फ्लोअरच्या खालून जातात. अ‍ॅम्प्लिफायर (स्पीकरना जादा ताकद देणारे यंत्र) बसवण्यासाठी वरून सरळ ड्रिल मारणारे लोक मी पाहिले आहेत. सीएनजी गाडीत तर डिकीतल्या सिलिंडरमधला वायू सुमारे २०० बार दाबाने भरलेला असतो. तिथे गाडीखाली वाकून नळी कुठून गेली आहे हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय एकही स्क्रू आत जाऊ देऊ नये, सिलिंडरच्या व्हॉल्व्हजवळ हीट गन वापरू नये आणि गळालेला वायू बाहेर नेणारी वाट शीटने झाकू नये. अशा गाडीत डिकीतला मोठा वूफर (खर्जाचा स्पीकर) हा विचार सोडून द्यावा; सीटखाली बसणारा, आतच अ‍ॅम्प्लिफायर असलेला सपाट वूफर पुरेसा होतो. पिलर (टपाला आधार देणारे खांब) आणि सीटखालचे पिवळे कपलर, म्हणजे वायरी जोडणारे प्लग, हे एअरबॅगचे असतात. त्यांना हात लावण्याची वेळ आलीच तर आधी बॅटरीची निगेटिव्ह तार काढून काही मिनिटे थांबावे आणि कपलर सुटा असताना इग्निशन चालू करू नये. पडदा एअरबॅग (खिडक्यांवर वरून उघडणारी) असलेल्या गाडीत पिलरच्या ट्रिममधून वायर नेताना ती एअरबॅगच्या मागून जावी, समोरून आडवी येऊ नये.

ऑडिओ: वॉटच्या आकड्यांना भुलणे

खोक्यावर ‘१००० वॉट’ असे मोठ्या अक्षरांत लिहिलेले असते, तो क्षणिक शिखराचा आकडा असतो. खरेदी करताना आरएमएस वॉट, म्हणजे सलग मिळणारी ताकद, विचारावेत. डॅशबोर्डमधल्या स्टिरिओवर ४×५० वॉट लिहिलेले असले तरी चार ओहमच्या स्पीकरला तो दर चॅनेलला सलग २० वॉटच्या आसपासच देऊ शकतो, आणि माझ्या मते छोट्या गाडीत नीट बंद केलेल्या दरवाज्यावर तेवढ्यातही पुष्कळ चांगले ऐकू येते. म्हणून दरवाजा आधी, स्पीकर नंतर आणि अ‍ॅम्प्लिफायर सर्वांत शेवटी हा क्रम मी आग्रहाने सांगतो. स्पीकर घेताना इंचांबरोबर त्याची खोलीही मोजावी. काच पूर्ण खाली गेल्यावर ती चुंबकाला टेकते का, हे स्क्रू आवळण्यापूर्वी पाहावे. स्पीकरखालची रिंग एमडीएफची (लाकडाच्या भुशाच्या दाबलेल्या फळीची) असेल तर पहिल्याच पावसाळ्यात ती फुगते, त्यामुळे प्लॅस्टिकची घ्यावी. मूळ वायर कापण्यापेक्षा आपल्या गाडीचा कपलर मागावा. पुण्यात पासोड्या विठोबाजवळच्या बाजारात किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला शोधल्यास तो सहसा मिळतो, आणि वॉरंटीचा वादही उद्भवत नाही.

अ‍ॅम्प्लिफायरचे गणित कागदावर करून पाहावे. एकूण ३०० वॉट आरएमएसचा क्लास डी (कमी वीज वाया घालवणारा) अ‍ॅम्प्लिफायर ८० टक्के कार्यक्षमतेने चालला तर त्याला ३७५ वॉट लागतात, म्हणजे १३.८ व्होल्टला सुमारे २७ अँपिअर. यासाठी शुद्ध तांब्याची ८ गेजची वायर आणि ४० अँपिअरचा फ्यूज पुरतो. स्वस्त किटमध्ये बहुधा तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची वायर असते. तिचा एक धागा ब्लेडने खरवडला की आतून पांढरा दिसतो. तशी वायर एक माप जाड घ्यावी किंवा घेऊच नये. फ्यूज बॅटरीपासून ४५ सेंटीमीटरच्या आत असलाच पाहिजे, कारण तो वायरच्या रक्षणासाठी आहे. फ्यूज अ‍ॅम्प्लिफायरजवळ लावला आणि बॉनेटमधल्या पत्र्याच्या छिद्रात वायर घासली, तर मधल्या तीन-चार मीटर वायरला आगीपासून वाचवणारे काहीच राहत नाही. त्या छिद्रात रबरी ग्रोमेट (कडेला बसणारी कडी) घालावा.

अ‍ॅम्प्लिफायरवरचे गेनचे बटण (स्टिरिओचा सिग्नल किती वाढवायचा हे ठरवणारे) म्हणजे व्हॉल्यूम नव्हे. स्टिरिओ पाऊण व्हॉल्यूमवर ठेवून, स्पीकर सुटे करून, १००० हर्ट्झचा चाचणी-स्वर लावावा. हा स्वर आत येण्यासाठी फिल्टर तेवढ्यापुरते बंद ठेवावेत. मग मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवून अ‍ॅम्प्लिफायरच्या स्पीकर जोडायच्या टोकांशी मोजावे. उदाहरणार्थ चॅनेलला ५० वॉट आरएमएस असेल तर ५० वॉट गुणिले ४ ओहम म्हणजे २००, त्याचे वर्गमूळ १४.१, तेवढे व्होल्ट आले की गेन तिथेच थांबवावा. नंतर दरवाज्यातल्या स्पीकरना ८० हर्ट्झच्या आसपास हाय-पास फिल्टर (त्याखालचे स्वर अडवणारा) लावला की खर्जाचा भार वूफरवर जातो आणि ट्रिमची खुडखुडही बरीच कमी होते.

काम झाल्यावर तक्रार उरली तर

इंजिनाच्या वेगाबरोबर चढत जाणारी ‘ऊंऽऽ’ अशी रडणारी शीळ ऐकू आली तर अर्थिंगचा (गाडीच्या पत्र्याला जोडलेल्या वायरीचा) दोष असण्याची शक्यता सर्वांत जास्त असते. अ‍ॅम्प्लिफायर बंद करून स्टिरिओकडून सिग्नल आणणाऱ्या आरसीए केबलच्या पिना काढाव्यात आणि पुन्हा चालू करावा. शीळ तशीच राहिली तर दोष अ‍ॅम्प्लिफायरच्या पॉवर किंवा अर्थच्या वायरीत आहे, गेली तर स्टिरिओकडच्या बाजूला आहे. अर्थची वायर आखूड असावी, पॉवरच्याच जाडीची असावी आणि रंग खरवडून उघड्या पत्र्यावर आवळलेली असावी. त्यासाठी सीटबेल्टचा बोल्ट मात्र कधीही वापरू नये. पॉवरची वायर आणि आरसीए केबल गाडीच्या दोन वेगवेगळ्या बाजूंनी न्याव्यात.

स्पीकर नवे असूनही खर्ज गायब झाला असेल तर बहुधा एका स्पीकरचे प्लस-मायनस उलटे लागलेले असते. अ‍ॅम्प्लिफायरकडची टोके सोडवून त्यांना दीड व्होल्टचा सेल क्षणभर टेकवावा. सेलचा प्लस स्पीकरच्या प्लसला असेल तर पडदा बाहेर येतो, उलटे असेल तर आत जातो. ही चाचणी दरवाज्यातल्या मोठ्या स्पीकरपुरती आणि वूफरपुरतीच करावी, ट्वीटरवर (तीव्र स्वरांच्या छोट्या स्पीकरवर) करू नये. खुडखुड ऐकू येत असेल तर ती कुठली हे गाडीत बसून हाताने ट्रिम दाबत शोधावे. तुटलेली क्लिप किंवा आत लोंबणारी वायर हे तिचे नेहमीचे कारण असते. क्लिप बदलावी आणि वायरीभोवती फेल्ट टेप गुंडाळावी.

दोन दिवस उभी राहिल्यावर गाडी सुरूच होत नसेल, तर अ‍ॅम्प्लिफायरची रिमोट वायर (स्टिरिओबरोबर त्याला चालू-बंद करणारी) कायम करंट असलेल्या तारेला जोडलेली आहे का हे आधी पाहावे. जागा राहिलेला अ‍ॅम्प्लिफायर अर्धा-पाऊण अँपिअर ओढत राहतो आणि छोट्या गाडीची ३५ अँपिअर-अवरची बॅटरी त्यापुढे टिकत नाही. गाडी बंद करून अर्धा तास जाऊ द्यावा, मग निगेटिव्ह टर्मिनल सोडवून मल्टिमीटर १० अँपिअरच्या रेंजवर मध्ये जोडावा. मीटर जोडलेला असताना स्टार्टर मारू नये. आकडा ५० मिलिअँपिअरच्या आत असला तर ठीक. जास्त असला तर एकेक फ्यूज काढत जावे, आणि ज्या फ्यूजला आकडा कोसळेल त्या तारेचा माग काढावा.